राखीव किंमत

१३ नोव्हेंबर २०२३ रोजी न्यूयॉर्क येथे सदबीज या प्रसिद्ध लिलावसंस्थेच्या दालनात शर्यतीच्या एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. मोटार इटलीच्या फेरारी कंपनीची, १९६२ साली बांधलेली, '२५० जीटीओ' या वर्गातली. बोली ४ कोटी ७० लाख डॉलरवर थांबली, हातोडा पडला, आणि खरेदीदाराकडून घ्यावयाचे लिलावसंस्थेचे शुल्क धरून एकूण आकडा ५ कोटी १७ लाख डॉलरवर गेला. त्या दिवसांच्या विनिमयदराने हे सुमारे ४३० कोटी रुपये होतात. लिलावात विकल्या गेलेल्या फेरारी मोटारींत त्या दिवसापर्यंतची ही सर्वांत मोठी रक्कम होती.

त्या दिवशी आपल्याकडे दिवाळी होती. लक्ष्मीपूजन आदल्याच दिवशी झाले होते, आणि नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांच्या घरी त्या पूजनावर एका सरकारी आदेशाची छाया होती. पंधरवड्यापूर्वी, २८ ऑक्टोबरला, केंद्र सरकारने कांद्यावर टनामागे ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य लादले होते. त्याआधी १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क बसले होतेच. आणि मोटारीच्या लिलावाला महिना होण्यापूर्वी, ८ डिसेंबरपासून, कांद्याची निर्यात संपूर्णपणे बंद करण्यात आली.

फेरारीचा आणि कांद्याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध एका शब्दाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये झाला तो लिलाव आणि लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात सुट्टीचा दिवस सोडता रोज सकाळी होतो तोही लिलावच. पोर्तुगीजांकडून आपल्या भाषेत आलेला हा शब्द मराठी माणसाच्या कानाला फारसा शुभ वाटत नाही. घराचा लिलाव, भांड्याकुंड्यांचा लिलाव, सावकाराने किंवा बँकेने पुकारलेला लिलाव, अशाच संदर्भात तो आपल्या आठवणीत रुतलेला आहे. कर्जाच्या थकबाकीपोटी जप्त झालेल्या ट्रॅक्टरांचे लिलाव नाशिक जिल्ह्याने अलीकडच्या काळातही पाहिले आहेत. तेही जुनेच वाहन, तोही लिलावच; परंतु ज्याचा ट्रॅक्टर पुकारला जातो तो त्या दिवशी गावात तोंड दाखवीत नाही. श्रीमंतांच्या जगात मात्र लिलाव हा समारंभ असतो. एकाच शब्दाखाली नांदणाऱ्या या दोन व्यवहारांत नेमका भेद कोठे आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे. तो भेद वस्तूच्या मोलात आहे असे वरवर वाटते. आमच्या मते तो विकणाऱ्याच्या अधिकारात आहे.

प्रथम मोटारीचा लिलाव. लिलावाच्या कित्येक आठवडे आधी त्या वस्तूची चित्रमय पुस्तिका निघते. सांगाड्याचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक, कोणत्या वर्षी कोणत्या शर्यतीत कोण चालक होता, मधल्या साठ वर्षांत गाडी कोणाकोणाच्या हाती गेली, कोणत्या दुरुस्तीत कोणता भाग बदलला, याची वंशावळ तीत दिलेली असते. एखाद्या घराण्याच्या कुळकर्ण्यानेही इतक्या निष्ठेने नोंदी ठेवल्या नसतील. जाणकार लोक येऊन गाडी तपासतात. तज्ज्ञ अंदाजित किंमत सांगतात. आणि मुख्य म्हणजे मालक व लिलावसंस्था यांच्यात एक आकडा गुप्तपणे ठरतो. त्याला राखीव किंमत म्हणतात. बोली त्या आकड्यापर्यंत पोहोचली नाही तर हातोडा पडत नाही. वस्तू विकली गेली नाही असे जाहीर होते, मालक ती परत नेतो, आणि पुढच्या वर्षी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पुस्तिकेत ती पुन्हा अवतरते. मालकाचे नाव बहुधा गुप्त राहते. त्यामुळे वस्तू परत न्यावी लागली तरी त्याची नामुष्कीही होत नाही.

एवढ्यावर हे संरक्षण संपत नाही. लिलावात खरेदीदारांनी आपसात ठरवून बोली न वाढविणे, म्हणजे साध्या मराठीत संगनमत करणे, हा इंग्लंडमध्ये १९२७ सालच्या एका स्वतंत्र कायद्याने गुन्हा ठरविला गेला. चित्रे, जडजवाहीर, जुने फर्निचर यांच्या व्यापाऱ्यांनी टोळी करून भाव पाडू नये म्हणून तेथील संसदेला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कायदा करावासा वाटला. ज्यांच्या घरी चित्रे असतात त्यांचे गाऱ्हाणे संसदेच्या कानी लवकर जाते.

आता त्या मोटारीविषयी. शर्यतीचे नियम असे होते की या वर्गातील मोटार किमान शंभर नगांत बांधली गेलेली असावी. फेरारीने अवघ्या ३६ बांधल्या, आणि ही आपल्या जुन्याच मोटारीची सुधारलेली आवृत्ती आहे असे सांगून मान्यता मिळविली. नियमाला दिलेली ही बगल आज त्या मोटारीच्या दुर्मिळतेचा, म्हणजेच किमतीचा, आधार आहे. न्यूयॉर्कला विकली गेलेली गाडी १९६२ साली जर्मनीतील न्यूरबर्गरिंग येथील १,००० किलोमीटरच्या शर्यतीत दुसरी आली, आपल्या वर्गात पहिली आली. त्याच वर्षी फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती उतरली, पण शेवटपर्यंत पोहोचली नाही. म्हणजे तिची गाजलेली कारकीर्द म्हणावी तर ती एका हंगामाची.

आणि त्यानंतर? त्यानंतर ती एक जुनी गाडी झाली. हा भाग लिलावाच्या पुस्तिकेत फार ठळकपणे येत नाही, पण आमच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद तोच आहे. शर्यतीची मोटार दोन वर्षांत मागे पडते. तिच्याहून वेगवान मोटार येते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या जीटीओ मोटारी अमेरिकेत काही हजार डॉलरना मिळत होत्या. त्यांपैकी एक तर टेक्सासमधील एका शाळेला, मुलांना मोटारदुरुस्ती शिकविण्याच्या कामासाठी, देऊन टाकण्यात आली होती. पुढे तीच गाडी ओहायो राज्यात वर्षानुवर्षे उघड्या रानात पडून होती. तिच्यातील लोखंड, ॲल्युमिनियम आणि कौशल्य तेव्हा जेवढे होते तेवढेच आजही आहे. मधल्या काळात तिच्यावर कोणी नवे श्रम केले असतील तर ते दुरुस्तीचे. मग काही हजारांचे काही कोटी कशाने झाले? ज्यांच्याजवळ खर्च करूनही संपत नाही एवढा पैसा आहे अशा माणसांची संख्या आणि त्यांची संपत्ती १९८० नंतरच्या जगात वाढत गेली, आणि त्या पैशाला बसावयास जागा हवी होती. ती जागा या गाडीने दिली. २०२३ मध्ये विकली गेलेली गाडी तिच्या मालकाजवळ ३८ वर्षे होती. त्याने काळाला आपल्यासाठी राबविले, आणि काळ त्याच्यासाठी राबला.

येथे एक विनोद सांगण्याजोगा आहे. इंग्लंडच्या करकायद्यात खासगी मोटारीच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मोटार ही वापराने झिजत जाणारी, मोल गमावणारी वस्तू होय, ही त्यामागची धारणा. सर्वसाधारण माणसाच्या मोटारीबाबत ती रास्तच आहे. परंतु त्याच सवलतीच्या छत्रीखाली कोट्यवधींची मोल वाढलेली मोटारही उभी राहते. कायद्याच्या लेखी ती नाशिवंत! खरोखरीचा नाशिवंत माल कसा असतो हे पाहावयाचे असेल तर निफाड, येवला, चांदवड, कळवण, सटाणा यांपैकी कोणत्याही तालुक्यातील कांद्याच्या चाळीत ऑगस्ट महिन्यात जाऊन उभे राहावे. वासच सारे सांगतो.

गैरसमज नको. आम्हाला त्या मोटारीविषयी राग नाही. मोडेना येथील स्कालिएत्ती यांच्या कर्मशाळेत कारागिरांनी ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून तिचे अंग घडविले. ती रेषा सुंदर आहे हे नाकारण्यात कोणता समाजवाद आहे? श्रमाने घडलेली सुंदर वस्तू कोणाला आवडली तर त्यात गैर काही नाही. ज्यांनी ती ठोकली त्यांची नावे वंशावळीत येत नाहीत, चालकांची आणि मालकांची येतात, एवढी नोंद करून पुढे जाऊ. आणि किमतीचा व उपयोगाचा संबंध किती सुटू शकतो याचे याहूनही मोठे उदाहरण एक वर्ष आधीचे आहे. मे २०२२ मध्ये जर्मनीत स्टुटगार्ट येथे मर्सिडीझ कंपनीने आपली १९५५ सालची '३०० एसएलआर' ही बंद छताची मोटार मोजक्या निमंत्रितांच्या लिलावात १३ कोटी ५० लाख युरोला, म्हणजे सुमारे १,१०० कोटी रुपयांना विकली. या जातीच्या दोनच गाड्या बांधल्या गेल्या आणि दोन्ही एकाही शर्यतीत धावल्या नाहीत. कारण जून १९५५ मध्ये ल मान्स येथे त्याच कुळातील उघडी मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे ठार झाली, आणि त्या वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. न धावलेल्या शर्यतीच्या मोटारीला जगातील सर्वाधिक किंमत यावी, याला काय म्हणावे? विक्रीचा पैसा शिष्यवृत्तीच्या निधीसाठी काढून ठेवल्याचे कंपनीने सांगितले, ही गोष्ट त्यातल्या त्यात बरी.

आता आपला लिलाव. सकाळी लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगेत उभ्या असतात. काही शेतकरी रात्रीच येऊन थांबलेले असतात. बाजार समितीचा माणूस, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, ट्रॉलीच्या कडेला उभा मालक. एकजण वरचे चार कांदे उचलतो, दाबून पाहतो, सालपट सोलतो आणि आकडा पुकारतो. दुसरा त्यावर दहा-वीस रुपये चढवितो. मिनिटाच्या आत भाव तुटतो, चिठ्ठी फाडली जाते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिने जमिनीत आणि चार महिने चाळीत काढलेल्या मालाच्या वंशावळीला येथे एवढाच अवकाश असतो. मग गाडी भुईकाट्यावर जाते, तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तेथे गोणी-ढीग मोकळा झाला की आतला माल वरच्यासारखा नाही, गोल्टी जास्त आहे, खाद निघाली, अशी तक्रार होऊ शकते, आणि आवारात ठरलेला भाव खळ्यावर खाली येतो. हातोडा पडल्यावर किंमत कमी करण्याची सोय सदबीजच्या दालनात नसते.

हा उघड लिलाव ही एके काळी सुधारणा होती, हे विसरून चालणार नाही. त्यापूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत असे आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपला माल केवढ्याला गेला हे सर्वांत शेवटी कळत असे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने आणि त्याआधीच्या बाजार कायद्यांनी ती अंधारकोठडी उघडली. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. बाजार समित्यांवर टीका करणाऱ्या, आणि त्या मोडूनच टाका म्हणणाऱ्या आजच्या विद्वानांनी तो रुमाल एकदा आठवून पाहावा.

कायद्याने विचारले तर लासलगावचा शेतकरीही भाव नाकारू शकतो. भाव पसंत नसेल तर माल परत न्यावा, त्याच्यावर सक्ती कोणाचीच नाही. पण परत न्यावा म्हणजे काय करावे? ट्रॅक्टरचे भाडे दिलेले आहे. भरणाऱ्या मजुरांची मजुरी दिलेली आहे. परत नेला तर पुन्हा भाडे, पुन्हा मजुरी, आणि प्रत्येक हाताळणीत कांद्याची सालपटे गळतात, कोंब आलेला, दबलेला माल वाढतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो खरा, परंतु त्या काळात त्याचे वजन घटते आणि सडून-वाळून तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, हातचा जातो. लाल कांद्याला तर तेवढीही मुदत नाही. तो काढला की आठवड्या-दोन आठवड्यांत विकावाच लागतो. फेरारीचा मालक ३८ वर्षे थांबू शकतो. लाल कांद्याचा मालक ३८ दिवस थांबू शकत नाही. शिवाय सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची औषधांची उधारी, मुलीच्या महाविद्यालयाची फी ही तिन्ही त्याच्या ट्रॉलीत कांद्याबरोबर बसून आलेली असतात. नाकारण्याचा हक्क कायद्याच्या पुस्तकात आहे. तो बजावण्याची ऐपत ट्रॉलीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाजवळ नाही.

याचा परिणाम काय होतो हे २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने देशाला दाखविले. ७५० किलो कांद्याचे त्याच्या हाती १,०६४ रुपये आले. किलोला दीड रुपयाहूनही कमी. त्याने ती रक्कम मनिऑर्डरने पंतप्रधानांच्या आपत्ती निवारण निधीला पाठवून दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये लासलगावला भाव किलोला दोन ते चार रुपयांवर घसरले तेव्हा शेतकऱ्यांनी लिलावच बंद पाडले, आणि मार्चमध्ये राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपयांचे अनुदान जाहीर केले. अनुदान हे मलम होय. जखम कोठे होते ते त्याने बदलत नाही.

संगनमताचे काय? स्पर्धा आयोगासाठी बंगळूरच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेने २०१२ साली कांद्याच्या बाजारपेठांचा अभ्यास केला. महाराष्ट्र व कर्नाटकातील बाजारांत थोड्या व्यापाऱ्यांच्या हाती मोठा व्यवहार एकवटला आहे आणि त्यांच्यात आपसातले साटेलोटे आहे, याकडे त्या अभ्यासाने बोट दाखविले. अहवाल झाला, चर्चा झाली. प्रत्येक व्यापारी लुटारू असतो असे आम्ही मानीत नाही. त्यालाही गोदाम, वाहतूक आणि सरकारच्या रातोरात बदलणाऱ्या धोरणाचा धोका पत्करावा लागतो. तथापि ज्या आवारात खरेदीदार एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात आणि विकणारा मात्र घाईत असतो, तेथे स्पर्धा आपोआप नांदेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आता त्या ८०० डॉलरकडे वळू. किमान निर्यातमूल्य म्हणजे काय? तर यापेक्षा कमी भावाने हा माल देशाबाहेर विकता येणार नाही, असा आदेश. टनाला ८०० डॉलर म्हणजे किलोला सुमारे ६७ रुपये. शब्दांकडे नीट पाहिले तर ही राखीव किंमतच आहे! स्वतंत्र भारताच्या सरकारने कांद्याला अखेर एक राखीव किंमत दिली. पण ती अशा रीतीने दिली की त्या किमतीला तो कोणी घेऊ नये. मोटारीच्या मालकाची राखीव किंमत त्याला कमी भावापासून वाचविते. कांद्याची ही राखीव किंमत त्याच्या मालकाला चांगल्या भावापासून दूर ठेवते. जी सरकारी यंत्रणा कमाल भावाची इतकी चिंता करते, तिला किमान भावाची चिंता त्याच तत्परतेने करावीशी वाटत नाही. २२ पिकांना केंद्राची किमान आधारभूत किंमत जाहीर होते, त्यांत कांदा नाही. निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून; मधे लोकसभेची निवडणूक चालू होती. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो आमच्याच पंगतीतून येतो. मुंबईतला, भिवंडीतला, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कामगारही कांदा-भाकरीच खातो. कांदा ८० रुपयांवर गेला तर त्याने काय करावे? जानेवारी १९८० च्या निवडणुकीत कांद्याचा भाव हा प्रचाराचा मुद्दा होता. १९९८ साली दिल्लीतील राज्य सरकार कांद्याने पाडले असे म्हणतात ते फारसे खोटे नाही. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु शहरातील गरिबाला स्वस्त कांदा मिळावा ही जबाबदारी संपूर्ण समाजाची आहे, तर तिचा खर्च एकट्या उत्पादकाच्या ट्रॉलीतून का कापून घ्यावा? कामगाराची मजुरी अपुरी आहे म्हणून कांदा स्वस्त हवा, आणि कांदा स्वस्त आहे म्हणून मजुरी अपुरी चालते. या चक्रात शेतकऱ्याला आणि कामगाराला समोरासमोर उभे करून मालकवर्ग बाजूला बसून राहतो.

वस्तूंचा आणि पैशाचा हा प्रवास नाशिककरांना अगदी परका नाही. मुंबई-आग्रा रस्ता याच जिल्ह्यातून जातो. चांदवडला या रस्त्याच्या कडेला होळकरांचा रंगमहाल आजही उभा आहे; अठराव्या शतकात हा मुलूख होळकरांच्या अमलाखाली होता आणि चांदवडला त्यांची टांकसाळ होती. याच घराण्यातील यशवंतराव होळकर १९२६ साली इंदूरच्या गादीवर आले. त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, युरोपातील नव्यातले नवे फर्निचर आणविले, आणि अमेरिकेच्या ड्युझेनबर्ग कंपनीच्या एका अतिवेगवान मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बॉडी चढवून घेतली. जगातील जुन्या मोटारींच्या शौकिनांत ती आजही होळकरांच्या नावाने ओळखली जाते. मुंबईच्या बंदरात उतरलेली मोटार रस्त्याने इंदूरला न्यावयाची तर ती नाशिक, चांदवड, मालेगाव करीतच जाणार. यशवंतराव रसिक होते यात शंका नाही. त्यांच्या रसिकतेचा खर्च माळव्याच्या रयतेने भरला यातही शंका नाही.

१९६१ साली यशवंतराव वारले. माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव मे १९८० मध्ये मोनॅको येथे झाला. लिलाव पुकारणारी संस्था सदबीजच. राजवाड्यात आता केंद्रीय उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय आहे. आणि त्याच १९८० च्या नोव्हेंबरात याच आग्रा रस्त्यावर नाशिक जिल्ह्यातील शेतकरी हजारोंच्या संख्येने येऊन बसले. शेतकरी संघटनेची मागणी होती, उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला प्रतीप्रमाणे क्विंटलला ५० ते ७० रुपये. रस्ता बंद झाला, रेल्वे अडली, गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. शरद जोशींच्या पुढच्या काळातील खुल्या बाजाराच्या अर्थशास्त्राशी आमचे कधी जुळले नाही. पण नोव्हेंबर १९८० मधील ती मागणी खुल्या बाजाराची नव्हती. तिच्यात प्रतवारी होती आणि प्रत्येक प्रतीखाली एक आकडा होता. या आकड्याच्या खाली आम्ही विकणार नाही, असे म्हणण्यासाठी त्यांना रस्त्यावर बसावे लागले. मोनॅकोत तेच वाक्य कराराच्या एका कलमात बसते.

मग करावयाचे काय? केरळ सरकारने नोव्हेंबर २०२० पासून १६ भाज्या-फळांना उत्पादनखर्चाच्या २० टक्के अधिक अशी आधारभूत किंमत लागू केली. केरळ लहान राज्य आहे, तेथील भाजीपाल्याचे प्रमाण नाशिकच्या कांद्याच्या मानाने अल्प आहे, हे खरे. पण नाशिवंत मालाला आधारभूत किंमत देताच येत नाही, हे जे आपल्याला वर्षानुवर्षे ऐकविले जाते, ते एका राज्य सरकारने मानले नाही, एवढे तरी सिद्ध झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने क्विंटलला २,४१० रुपये भावाने दोन लाख टन कांदा राखीव साठ्यासाठी घेण्याचे जाहीर केले होते. तो बाजार समितीच्या लिलावात उतरून घेतला असता तर २,४१० हा त्या आवारातील तळाचा आकडा झाला असता. व्यापाऱ्याला त्यावर बोलावे लागले असते. खरेदी झाली ती लिलावाच्या बाहेर, मधल्या संस्थांमार्फत, आणि ट्रॉलीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तिचा आधार मिळाला नाही. सरकारने खरेदीदार म्हणून आवारात येऊन घोळक्यात उभे राहावे, ही मागणी क्रांतिकारक नाही. ती अगदी साधी आहे, म्हणूनच कदाचित मान्य होत नसावी.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या ऐपतीची. चाळीला अनुदान मिळते, पण चाळीतल्या कांद्यावर तारणकर्ज सहजी मिळत नाही. फेरारी तारण ठेवून पैसे देणाऱ्या वित्तसंस्था जगात आहेत. गावच्या सोसायटीने कांद्याच्या वजनावर, घट धरून, तीन महिन्यांचे कर्ज दिले तर निदान उन्हाळ कांद्याच्या मालकाला एकदा तरी नाही म्हणता येईल. लाल कांद्याला हा उपाय लागू पडत नाही. तेथे सरकारी खरेदीवाचून तरणोपाय नाही.

आणि हमाल-माथाड्यांचा प्रश्न वेगळा काढता कामा नये. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई, वाराई कोणी भरावयाची आणि माथाडी मंडळाची लेव्ही कोणाच्या माथी, या वादात जिल्ह्यातील लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. सदबीजच्या दालनात खरेदीदार ४७ लाख डॉलरचे शुल्क निमूटपणे भरतो. येथे गोणी उचलणाऱ्याची मजुरी शेतकऱ्याने द्यावी की व्यापाऱ्याने, यावर बाजार बंद पडतो, आणि बंदचा फटका पाठीवर ओझे वाहणाऱ्याला आणि चाळ राखणाऱ्याला सारखाच बसतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला जे मिळाले ते शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून देण्याचे कारण नाही; जो माल घेतो त्याने उचलण्याचाही खर्च सोसावा, हे तत्त्व अडतीबाबत महाराष्ट्राने २०१६ मध्ये एकदा मान्य केलेले आहे.

लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते तिच्यावर मालाचा प्रकार असतो, वजन असते, भाव असतो, कपाती असतात आणि शेवटी निव्वळ रक्कम असते. या पट्टीच्या वरच्या अंगाला आणखी एक रकाना छापावा: विकणाऱ्याने मागितलेला भाव. बोली त्याखाली थांबली तर समितीने तेवढी नोंद करावी, वर्षाअखेर अशा किती ट्रॉल्या झाल्या याचा आकडा प्रसिद्ध करावा, आणि त्या परत नेण्याचे भाडे समितीच्या निधीतून द्यावे. छपाईचा खर्च फार येणार नाही.